बारा ट्यूबांचा तैलरंग संच: वागातोरचा किनारा त्यात मावतो का?

स्टुडंट दर्जाचे 12 रंग, प्रत्येक ट्यूब 9 मिली. उघड्यावर बसून गोव्यातला वागातोरचा किनारा रंगवायचा, तोही इम्प्रेशनिस्ट पद्धतीने, म्हणजे तुटक, जाड फटकाऱ्यांनी आणि एकाच बैठकीत. एवढ्या एका कामासाठी हा संच तपासला.

पहिली अडचण पांढऱ्याची. या पद्धतीत पॅलेटवरचा जवळजवळ प्रत्येक रंग पांढऱ्यात कालवला जातो. 9 मिली रंग 12 × 16 इंची कॅनव्हासवर सारखा पसरला तर थर जेमतेम 0.07 मिमी भरतो. लाटेचा फेस उठून दिसायला तो पुरणार कसा? पांढऱ्याची मोठी ट्यूब वेगळी घ्यावीच लागते. घेताना मागचा पिगमेंट कोड, म्हणजे रंगद्रव्याचा क्रमांक, वाचा. पीडब्ल्यू 6 म्हणजे टायटॅनियम, तो हवा. सोबत पीडब्ल्यू 4, म्हणजे झिंक, असेल तर ती ट्यूब टाळावी. झिंकचा थर काही वर्षांत ठिसूळ होऊन तडकतो.

स्वस्त रंगात रंगद्रव्य कमी, भरताड जास्त. त्यात गोव्याच्या उकाड्यात रंग सैल पडतो आणि फटकाऱ्याची धार बसून जाते. त्यावर साधा उपाय आहे: रंग टीपकागदावर काढून 10-15 मिनिटे ठेवायचा. जादा तेल कागद पितो आणि रंग लोण्यासारखा घट्ट होतो. तासभर विसरलात तर मात्र रंग धरून ठेवणारे तेलच निघून जाते आणि सुकल्यावर भुकटी सुटते.

संचातले तीन रंग मनापासून आवडले: अल्ट्रामरीन निळा (पीबी 29), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). ही रंगद्रव्ये मुळातच स्वस्त, म्हणून इथे त्यांच्या जागी स्वस्त नक्कल वापरावी लागत नाही. वागातोरचा जांभ्याचा कडा बहुतेक याच तिघांत उतरतो. उन्हातल्या भागाला ऑकर, सिएना आणि चिमूटभर व्हर्मिलियन (शेंदरी). सावलीला अल्ट्रामरीन आणि क्रिमसन. काळी ट्यूब उघडूच नये, सावली मातकट होते. इम्प्रेशनिस्ट चित्रकार क्लोद मोनेने 1880च्या दशकात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एत्रताचे कडे रंगवले, ते खडूचे, पांढरे. त्यांच्या सावलीत निळा सहज खुलतो. जांभा तांबडा, तो निळ्याला गिळतो. म्हणून इथे निळा डोळ्यांना दिसतो त्याहून थोडा जास्तच ठेवावा.

क्रिमसनचा कोड पीआर 83 असेल तर संध्याकाळच्या गुलाबी आभाळासाठी तो वापरू नका. पांढऱ्यात मिसळला की उजेडाने विटतो. पीव्ही 19 कोडचा किरमिजी टिकतो. प्रुशियन निळा इतका जोरकस की मोहरीएवढाच घ्यावा. शापोरा नदीच्या मुखाशी पाणी हिरवट गढूळ असते, तिथे व्हिरिडियन (निळसर हिरवा), ऑकर आणि पांढरा यांचे मिश्रण जास्त खरे वाटते.

एकूण, पूर्ण संचापेक्षा सात सुट्या ट्यूब घेणे शहाणपणाचे: पांढरा, लेमन यलो, ऑकर, सिएना, पीव्ही 19, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन. व्हर्मिलियनचे काम लेमन यलो आणि पीव्ही 19 बऱ्यापैकी भागवतात.

कड्याची समुद्राकडची बाजू सकाळी सावलीत असते. दुपारी तीननंतर ऊन थेट तिच्यावर येते. मग तासाभरात काम उरकायचे, कारण त्यानंतर सावल्यांचा रंगच बदलतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून पिशवीत कोंबू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून घरी न्या.