एलव्हीएम की झेडएफएस : एरर आल्यावर कोण किती सांगतं?

लिनक्सवर अनेक डिस्क एकत्र करून सांभाळणाऱ्या या दोन्ही व्यवस्था मी वापरल्यात आणि दोन्हींवर महत्त्वाचा डेटा सांभाळलाय. वेग, स्नॅपशॉट वगैरे तुम्ही वाचलंच असेल. मी बोलतोय ते डिस्क गळाल्यावर स्क्रीनवर काय उमटतं याबद्दल.

एलव्हीएमचा ठरलेला संदेश म्हणजे अमुक यूयूआयडीचं (डिस्कला दिलेल्या ओळख-क्रमांकाचं) डिव्हाइस सापडत नाही. ३२ अक्षरांची ती ओळ वाचून डबा उघडला तरी हात कुठल्या डिस्कला लावायचा? आर्काइव्ह फोल्डरमधली मेटाडेटाची फाइल साध्या मजकुरात असते, ही एलव्हीएमची मोठी जमेची बाजू. पण तिथेही मिळतं 'एसडीबी१' असं लिनक्सने दिलेलं नाव, आणि रीबूटनंतर ते दुसऱ्याच डिस्कला लागलेलं असू शकतं.

तेवढं मी चालवून घेतलं असतं. वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. डिस्क मेली, केबल सैल झाली किंवा एलव्हीएमच्याच फिल्टरने (कुठल्या डिस्क बघायच्या ते ठरवणाऱ्या नियमाने) डिस्क वगळली, तरी संदेश तोच. एका सर्व्हरवर कंट्रोलर बदलल्यानंतर डिस्कची यादी दाखवणाऱ्या 'एलएसबीएलके' कमांडमध्ये डिस्क ठणठणीत दिसत होती, स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदींची) तपासणीही स्वच्छ होती, तरी एलव्हीएम 'सापडत नाही'वर अडून बसलं. कारण निघालं एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमधल्या जुन्या फिल्टरमध्ये. अशा वेळी कुणी घाईने न सापडणाऱ्या डिस्क काढून टाकणारं 'रिमूव्ह-मिसिंग' चालवलं, तर चांगली डिस्कच ग्रुपबाहेर, म्हणजे एलव्हीएमने जोडलेल्या डिस्कच्या संचाबाहेर जाते.

झेडएफएसमध्ये 'झेडपूल स्टेटस' ही कमांड दिली की काय झालंय, पुढे काय करायचं आणि सविस्तर कुठे वाचायचं, हे वेगवेगळ्या ओळींत येतं. प्रत्येक डिस्कसमोर रीड, राइट आणि चेकसम (डेटा लिहिला तसाच वाचला गेला का, याची पडताळणी) चुकांचे आकडे असतात. नुसता चेकसमचा आकडा वाढत असेल तर मी आधी केबल बदलून बघतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. डेटा खराब झालाच असेल तर '-व्ही' जोडल्यावर फाइलींची नावंही मिळतात, म्हणजे बॅकअपमधून नेमकं काय आणायचं ते कळतं.

झेडएफएसही आंधळेपणाने मानू नये. पूल (झेडएफएसने एकत्र केलेल्या डिस्कचा संच) आधी दुसऱ्या मशीनवर होता असं दिसलं की ते सक्तीने इम्पोर्ट करायचा, म्हणजे या मशीनवर जोडून घ्यायचा मार्ग सुचवतं. ते दुसरं मशीन अजून त्याच डिस्कवर लिहीत असेल तर पूल हातचा जाईल. शिवाय झेडएफएसचं मॉड्यूल कर्नलबाहेरचं (लिनक्सच्या गाभ्यात नसलेलं, वेगळं बसवावं लागणारं), त्यामुळे कर्नल अपडेटनंतर ते लोडच न होण्याची कटकट आहेच. ती नको असेल तर एलव्हीएम घेण्यात काही चूक नाही.

नवं मशीन उभारायचं असेल तर मी मात्र झेडएफएसकडे झुकेन. एलव्हीएमवर चालू असलेलं मशीन निव्वळ एवढ्यासाठी हलवू नका. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर आणि यूयूआयडी आजच एकत्र लिहून मशीनबाहेर ठेवा.