असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने: सेटअपच्या फाइलमध्ये गाडी कशी साठवली जाते (काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव)

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनी या कंपनीचा मोटार शर्यतीचा व्हिडिओ गेम असून त्याची पूर्ण आवृत्ती मे २०१९ मध्ये आली. त्यातील जीटी३ गाड्यांचे (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांचे) चालणे, पावसाळी ट्रॅक आणि इंजिनांचे आवाज यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. काही महिने नियमित खेळल्यानंतर मला लिहावेसे वाटते ते मात्र पडद्यावर न दिसणाऱ्या एका गोष्टीविषयी. गॅरेजमध्ये बसून आपण गाडीत जे बदल करतो, ते हा खेळ नेमक्या कोणत्या स्वरूपात जपून ठेवतो, हे समजल्यापासून मी सेटअपकडे, म्हणजे या बदलांच्या जपलेल्या संचाकडे, अधिक जाणतेपणाने पाहू लागलो.

विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये खेळाच्या नावाचा एक फोल्डर तयार होतो. त्यात सेटअप्सचा फोल्डर, त्याच्या आत प्रत्येक गाडीचा आणि गाडीच्या आत प्रत्येक ट्रॅकचा, अशी उतरंड असते. फाइल जेसन प्रकारातली, म्हणजे साध्या मजकुराची असते आणि नोटपॅडमध्ये कोणतीही खटपट न करता उघडते. सुरुवातीला गाडीचे नाव येते. त्यानंतर मूलभूत भागात टायर, चाकांचे कोन, इलेक्ट्रॉनिक्स आणि शर्यतीची आखणी असते, तर प्रगत भागात अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारा दांडा), स्प्रिंग, डँपर (स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग), वाऱ्याच्या जोराने गाडी जमिनीकडे दाबणारे पंखासारखे भाग आणि डिफरन्शियलचा (दोन चाकांत इंजिनाची ताकद वाटणाऱ्या भागाचा) प्रीलोड, म्हणजे त्याचा मुळातला घट्टपणा, यांचे आकडे असतात. कोरडा टायर की पावसाळी, हेसुद्धा एका आकड्याने ठरते: ० म्हणजे कोरडा, १ म्हणजे पावसाळी.

इटलीतील मोंझा या ट्रॅकसाठी जपलेल्या एका सेटअपमध्ये टायरच्या दाबापुढे ५३, ५४, ४९, ५० असे चार आकडे आहेत. क्रम पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे डावे आणि मागचे उजवे चाक असा. हे आकडे पीएसआय (टायरमधील हवेचा दाब मोजण्याचे एकक) नव्हेत, टक्केही नव्हेत. बहुतेक जीटी३ गाड्यांत दाबाची किमान मर्यादा २०.३ पीएसआय आहे आणि प्रत्येक क्लिकला, म्हणजे गॅरेजमधल्या बदलाच्या एका टप्प्याला, ०.१ ने वाढ होते. म्हणून ५३ म्हणजे २०.३ अधिक ५.३, अर्थात २५.६ पीएसआय. उजव्या चाकांना एक क्लिक जास्त का, याचे उत्तर ट्रॅकमध्ये आहे: मोंझावर बहुतेक मोठी वळणे उजवीकडची असल्याने भार डाव्या टायरांवर येतो, ते अधिक तापतात आणि त्यांचा दाब अधिक चढतो, म्हणून सुरुवात थोड्या कमी दाबाने करावी लागते. चार आकड्यांच्या एका ओळीत एवढा विचार मावतो, हे मला मनापासून आवडले.

फाइलमध्ये मूल्य साठवलेले नसते, किमान मर्यादेपासून किती क्लिक पुढे गेलो एवढेच साठवलेले असते, हा या रचनेचा गाभा आहे. किमान मर्यादा आणि एका क्लिकचे माप खेळाकडे, गाडीगणिक वेगळे नोंदलेले असते. त्यामुळे ब्रेकच्या समतोलापुढचा (ब्रेकचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटायचा याचा) एकच आकडा फेरारी ४८८ मध्ये एक टक्केवारी दाखवतो आणि इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे असलेल्या पोर्शे ९११ मध्ये दुसरी. एका गाडीची फाइल दुसऱ्या गाडीच्या फोल्डरमध्ये टाकून सेटअप जुळेल अशी अपेक्षा करण्यात म्हणूनच अर्थ नाही. त्याच गाडीची फाइल एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकच्या फोल्डरमध्ये नेणे मात्र उपयोगी पडते, कारण तेथे आकड्यांचा अर्थ बदलत नाही. जमिनीपासूनच्या उंचीची नोंदही पाहण्यासारखी आहे: गॅरेजमध्ये पुढची आणि मागची अशा दोनच उंची दिसतात, फाइलमध्ये मात्र चार आकडे असतात आणि त्यांतले पहिला व तिसरा हेच कामाचे असतात.

याच कंपनीच्या २०१४ च्या असेटो कोर्सामध्ये सेटअप आयएनआय या साध्या मजकुराच्याच दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये जातो आणि तेथे टायरचा दाब थेट पीएसआयमध्ये लिहिलेला सापडतो. वाचणाऱ्याला ती पद्धत सोपी वाटेल. तरीही मला क्लिकची पद्धत अधिक योग्य वाटते, कारण खऱ्या गाडीच्या डँपरचा नॉबही क्लिकनेच फिरतो आणि मेकॅनिकही "दोन क्लिक मऊ करा" असेच बोलतो.

या पद्धतीची मर्यादा एप्रिल २०२३ च्या १.९ आवृत्तीने ठळकपणे दाखवली. त्या आवृत्तीत टायरचे गणित बदलले. कोरड्या टायरचा धावतानाचा योग्य दाब पूर्वी साधारण २७.५ पीएसआयच्या आसपास मानला जात असे, तो २६ ते २७ च्या दरम्यान आला. जुन्या फाइलमधला एकही आकडा बदलला नाही, त्या पूर्वीप्रमाणेच उघडत राहिल्या, पण त्यांतून मिळणारी गाडी पहिल्यासारखी उरली नाही. फाइल कोणत्या आवृत्तीत तयार झाली याची वाचता येईल अशी नोंद तिच्यात असती, तर जुने सेटअप गोळा करणाऱ्यांची मोठी सोय झाली असती.

तरीही या मोकळेपणाचे मोल मला फार वाटते. ग्रँड टुरिस्मो ७ या दुसऱ्या शर्यतीच्या खेळात खेळाडूची प्रगती सर्व्हरशी बांधलेली आहे. फसवणूक रोखण्याचा त्यामागचा हेतू समजण्यासारखा असला, तरी मार्च २०२२ मध्ये सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद राहिले, तेव्हा खेळाचा बहुतेक भागच बंद पडला होता. कॉम्पेटिझिओनेमध्ये मात्र माझे सेटअप माझ्या डिस्कवर आहेत, पेन ड्राइव्हवर उतरवता येतात आणि मित्राला पाठवता येतात.

गाडीचा रंग, क्रमांक आणि संघाचे नाव सेटअपच्या फाइलमध्ये नसतात. त्यांच्यासाठी कस्टम्स नावाचा निराळा फोल्डर आहे. तेथे गाडी नावाने न ओळखता क्रमांकाने ओळखली जाते: २ म्हणजे फेरारी ४८८ जीटी३, ३० म्हणजे बीएमडब्ल्यू एम४ जीटी३, ३२ म्हणजे फेरारी २९६ जीटी३. एकाच खेळात ओळखीच्या या दोन पद्धती का ठेवल्या असतील, असा प्रश्न पडतो, पण चालवणाऱ्याचे त्यामुळे काही अडत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. हवेचे तापमान फाइलमध्ये कोठेही लिहिले जात नाही आणि ते एक अंश बदलले की दाब सुमारे ०.१ पीएसआय, म्हणजे एक क्लिक, सरकतो. म्हणून सेटअप जपताना नावातच तापमान, खेळाची आवृत्ती आणि शर्यतीसाठी की पात्रता फेरीसाठी, एवढे लिहावे. माझ्याकडे आता सगळी नावे "१.९, २४ अंश, शर्यत" अशा धर्तीची आहेत आणि २८ अंशांच्या दुपारी चारही चाकांचे आकडे चाराने कमी करायचे, हे फाइल उघडण्याआधीच ठाऊक असते.