रॅकहॅमची अ‍ॅलिस, १० महिन्यांनी: बटर पेपरचं रडगाणं

‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ची ही प्रत मागच्या दसऱ्याला ऑनलाइन मागवलेली, ३,४०० रुपये मोजून. माझ्याकडं अ‍ॅलिसच्या ही धरून ९ आवृत्त्या आहेत, गोष्ट तीच फक्त चित्रकार वेगळे, त्यामुळं "तेच पुस्तक परत आणलासा?" हे घरात ऐकायची सवय झालीय. आर्थर रॅकहॅमची १९०७ ची १३ रंगीत चित्रं, आर्ट पेपर, कापडी बांधणी, हे सगळं तुम्हाला माहितीच असणार. मला बोलायचंय बटर पेपरवर.

वर्णनात लिहिलेलं, प्रत्येक चित्रावर पातळ कागद. मी मोजले, ११ भरले. चहापार्टी आणि सुरवंट ही दोन चित्रं उघडीच. तेव्हाच परत पाठवायला पाहिजे होतं, पण रंग बघून विरघळलो राव, सगळं कसं कोऱ्या चहात बुडवून काढल्यागत, आणि त्या वाकड्यातिकड्या फांद्या. ५ स्टार देऊन मोकळा झालो.

मग जुलै आला. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर बघत बसायचे दिवस, घरात उशांचे अभ्रेसुद्धा दमट. कपाटातनं पुस्तक काढलं तर चहापार्टी उघडेना, समोरच्या पानाला चिकटलेली. हळूच ओढलं तर चर्र झालं आणि हॅटरचा अर्धा चेहरा समोरच्या मजकुरावर गेला.

विक्रेत्याला ४ मेल केले. उत्तर काय, तर रिटर्नची मुदत ७ दिवस होती, आणि वर १५० रुपयांचं कूपन. अहो, १८६५ साली पहिल्या अ‍ॅलिसची छपाई तिचा चित्रकार टेनिएल याला पटली नाही म्हणून २,००० प्रतींची आवृत्ती मागं घेतली होती! चित्रकाराच्या एका तक्रारीवर. अर्थात नाकारलेला तो माल पुढं न्यूयॉर्कच्या अ‍ॅपलटन या प्रकाशकानं घेऊन अमेरिकेत विकलाच, तसाच कुणीतरी नाकारलेला माल माझ्या गळ्यात पडला असणार. १ स्टार.

वरचं सगळं रागात लिहिलेलं, आता आठवड्यानं पुढचं लिहितोय. पुस्तक महाद्वार रोडजवळच्या एका बाइंडरकडं नेलं. त्यानं सगळी चित्रं उलटून बघितली आणि अश्रूंच्या तळ्याचं चित्र दाखवलं, तिथं बटर पेपर होता तर तो बटर पेपरच चिकटलेला. म्हणाला, "आर्ट पेपरला वरनं लेप असतो, ओल धरली की त्याचाच डिंक हुतोय. कपाट भिंतीला लावलंय काय? पुस्तकं कोंबून भरल्यात काय?" दोन्हीला व्हय म्हणावं लागलं. पावसाची झड त्याच भिंतीवर बसते हे बायकोनं मेमध्येच सांगितलेलं, ते त्याला सांगितलं नाही.

म्हणून आता ३ स्टार. चौथा देणार नाही, कारण १३ म्हणजे १३, ११ नव्हे.

राग येतो तो वेगळाच. त्याच कप्प्यात टेनिएलची रद्दीतनं ६० रुपयांना उचललेली प्रत होती, साधा पिवळट कागद, ४२ च्या ४२ काळी चित्रं, तिला काही म्हणजे काही झालं नाही. थोडा कुबट वास, बस्स.

बाइंडरनं १२० घेतले. कपाट भिंतीपासनं वीतभर पुढं ओढलंय, दार आता नीट उघडत नाही. त्या १५० च्या कूपनवर सिलिका जेलची पाकिटं मागवली, १६२ झाले, वरचे १२ माझे गेले.