रेंजफाइंडरसाठी ८५ ची लेन्स घेताय? मिररलेसवर दाखवली तर पैसे देऊ नका

पुण्यात अजून फिल्मवर फोटो काढणारे आपण थोडेच आहोत. जुनी लेन्स हवी असली की ओळखीतून शोधतो आणि समोरच्याच्या शब्दावर घेतो. त्याच शब्दाचा फायदा घेऊन एकाने मला रेंजफाइंडरवर चालूच न शकणारी लेन्स विकली. ती चालत नाही हे त्याला आधीपासून माहीत होतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझ्याकडे झोर्की-४ हा रेंजफाइंडर कॅमेरा आहे, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा. १९५६ साली आलेलं सोव्हिएत मॉडेल, लायकासारखा ३९ मिलिमीटर आट्यांचा माउंट. ५० मिलिमीटरच्या लेन्सने चेहरा भरून घ्यायचा तर इतकं जवळ जावं लागतं की माणूस अवघडतो आणि नाकही मोठं दिसतं. १३५ ला रेंजफाइंडरचा फोकस फार नाजूक होतो. म्हणजे ८५ ते १०० मधलीच हवी. लायकाची ९० माझ्या आवाक्याबाहेर. उरली ज्युपिटर-९: ८५ मिलिमीटर, पूर्ण उघडली की एफ/२, झाइसच्या सोनार लेन्सवर बेतलेली, पंधरा पात्यांचं गोल ॲपर्चर. तिच्यातून येणारे चेहरे मला फार आवडतात. त्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन तोंडावर आलं होतं.

जुने कॅमेरे विकणाऱ्या एकाचा नंबर ओळखीतून मिळाला. आम्ही डेक्कनला भेटलो. त्याने ॲडॉप्टर लावून लेन्स स्वतःच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली आणि स्क्रीन मोठी करून दाखवली. एफ/२ ला शेजारच्या टेबलावरच्या माणसाची पापणीन् पापणी मोजता येत होती. मग तीच लेन्स माझ्या झोर्कीवर लावली. रिंग फिरवली की खिडकीतल्या दोन प्रतिमा सरकत होत्या, एकमेकींवर बसत होत्या. नदीपलीकडच्या इमारतीवरच्या टाकीवर अनंत, म्हणजे सर्वांत लांबचा फोकसही अचूक जुळला. ‘सर्व्हिसिंग नुकतंच झालंय, फिल्मवर तपासलेली आहे,’ असं त्याने दोनदा सांगितलं. मी १८,००० रुपये यूपीआयने दिले.

सोहळ्याला एचपी-५ या कृष्णधवल फिल्मचे दोन रोल काढले. औक्षण, नातवंडं, पाया पडणारे पाहुणे. फिल्म धुऊन आली तेव्हा आजीच्या कानातल्या मोत्याच्या कुड्या लख्ख होत्या आणि डोळे धूसर. जवळून काढलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये फोकस मागे गेलेला. दिवाणखान्याच्या पार टोकाला उभे असलेले काका मात्र बऱ्यापैकी स्पष्ट. तो दिवस काही परत आणता येत नाही.

त्याने दाखवलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, आणि त्याची लबाडी त्यातच होती. मिररलेसवर आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे तिथे फक्त काच चांगली आहे एवढंच सिद्ध होतं. रेंजफाइंडरची खिडकी लेन्समधून बघतच नाही. लेन्सच्या मागची कडी कॅमेऱ्यातल्या जिभेला ढकलते आणि त्या ढकलण्यावरून दोन प्रतिमा जुळतात. ज्युपिटर-९ अनंतापासून तिच्या सर्वांत जवळच्या १.१५ मीटरपर्यंत आणली की काचा जवळजवळ ७ मिलिमीटर पुढे येतात, पण मागच्या कडीने मात्र ५० च्या लेन्सच्या हिशेबाने जेमतेम अडीच मिलिमीटर सरकायचं असतं. हे प्रमाण बिघडलेलं असलं तरी खाली चकती घालून अनंत जुळवता येतं. जवळ येऊ तशी चूक वाढत जाते. त्या अंतरावर एफ/२ ला स्पष्ट पट्टाच जेमतेम दोन सेंटिमीटरचा, म्हणजे चूक लपायला जागाच नाही. आणि खिडकीत सगळं व्यवस्थित जुळलेलं दिसतं!

मी फोन केला तर म्हणाला, ‘ताई, रशियन लेन्सचं जवळचं थोडं चुकतंच.’ हे अर्धसत्य आहे. लायकाचं प्रमाण ५१.६ मिलिमीटरचं, सोव्हिएत लेन्स किंचित वेगळ्या प्रमाणावर बनलेल्या, त्यामुळे त्या लायकावर जवळच्या अंतराला चुकू शकतात. पण माझा कॅमेराच सोव्हिएत आहे. हे सांगितल्यावर त्याने स्कॅनिंगला दोष दिला. नंतर माझा नंबर ब्लॉक केला.

पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिक काकांनी लेन्स उघडली. काच ज्युपिटरची, फोकससाठी फिरणारी आट्यांची नळी भलत्याच लेन्सची, आणि अनंत जुळावं म्हणून पत्र्यातून कापलेली चकती गोंदाने चिकटवलेली. गोंद ताजा होता. पुढे एका परिचिताने फोनमधला फोटो दाखवला: लेन्सवरचा तोच क्रमांक, रिंगवर तोच ओरखडा. त्याने हीच लेन्स याच कारणासाठी त्या विक्रेत्याला परत केली होती. मग मी पोलीस चौकीत अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली. सोबत यूपीआयची नोंद आणि मेकॅनिक काकांचं लेखी मत जोडलं आहे.

झोर्की-४ ची पाठ पूर्ण निघते, त्यामुळे तपासणी सोपी आहे. घासलेल्या काचेची पट्टी, खरबरीत बाजू लेन्सकडे ठेवून, फिल्म जिथे टेकते त्या रुळांवर धरा. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) उघडं ठेवा, ॲपर्चर पूर्ण खुलं. सव्वा मीटरवर मोजपट्टी तिरकी ठेवून खिडकीतून एका आकड्यावर फोकस करा आणि काचेवर भिंगातून बघा, तोच आकडा सर्वांत स्पष्ट आहे का. मग दोन-तीन मीटरवर, मग अनंतावर. विकणारा याला तयार नसेल तर तिथून उठा. झेनिटच्या लेन्सही सांभाळा: आटे तेच ३९ चे, पण त्या एसएलआरसाठी, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यांसाठी आहेत. झोर्कीवर बसतात, पण जिभेला ढकलणारी कडी त्यांना नसते आणि फिल्मपासूनचं अंतरही वेगळं.

लेन्स मी कुणालाही विकणार नाही, ती पुराव्यासाठी ठेवली आहे. तोच माणूस सध्या ज्युपिटर-११ विकतो आहे, १३५ मिलिमीटर, एफ/४, वर्णन तेच: ‘फिल्मवर तपासलेली’. डेक्कनला कुणी मिररलेस घेऊन भेटायला आलं, तर काचेची पट्टी खिशात ठेवूनच जा.