कर्ज व्यवस्थापन योजना, अकरा हप्त्यांनंतर: चालते, पण ती पाच तारीख!

गेल्या ऑगस्टमध्ये मी या योजनेला रागाच्या भरात एक स्टार दिला होता. कारण होतं ५९० रुपये. आज ६ मार्च. काल अकरावा हप्ता गेला, ३७ राहिले. राग बराच उतरलाय, म्हणून आता नीट लिहितो. हप्ता कापायच्या पाच तारखेवरचा राग मात्र तसाच आहे आणि त्यावर मी लांबण लावणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

योजना म्हणजे मधली एक संस्था फी घेऊन बँकांशी व्याज आणि मुदत बोलून घेते, आपल्याकडून दर महिन्याला एकच हप्ता कापते आणि तो बँकांना पोचवते. फक्त सेटलमेंटशी गल्लत करू नका. मला आधी फोन सेटलमेंटवाल्यांचाच आला होता. "सर, सगळे हप्ते भरणं थांबवा, सहा महिन्यांनी पन्नास टक्क्यांत मिटवून देतो." ऐकायला गोड. पण मग सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'क्लोज्ड'च्या जागी 'सेटल्ड' असा शिक्का बसतो, आणि उद्या होम लोनला गेलात की समोरचा साहेब त्याच शब्दावर बोट ठेवतो. योजनेत मुद्दल पूर्ण फेडायचं असतं. सूट मिळते ती व्याजात आणि मुदतीत. मला तेच हवं होतं. घेतलेले पैसे बुडवायचे नव्हते, फक्त श्वास घ्यायला जागा हवी होती.

माझा हिशेब असा होता. दोन क्रेडिट कार्डं मिळून ३,४५,०००, एक पर्सनल लोन १,९०,०००, एक ॲपवालं कर्ज ४८,०००. पगार हातात ४६,५००, नाशिकला अंबड एमआयडीसीत. कर्ज कसं झालं ते सांगत बसत नाही. वडिलांचं आजारपण, घराचं डिपॉझिट, आणि उरलेलं माझं शहाणपण. भाडं भरल्याचं दाखवून एका कार्डातून पैसे काढायचे आणि दुसऱ्याचं बिल भरायचं, हा उद्योग मी चौदा महिने केला. दर महिन्याला ३१,३५० रुपये नुसते हप्ते आणि मिनिमम ड्यू, म्हणजे कार्डाच्या बिलातली किमान भरावीच लागणारी रक्कम.

मिनिमम ड्यू या गोष्टीचं गणित मी चाळिशीला आल्यावर पहिल्यांदा कागदावर मांडलं, याची लाज वाटते. मोठ्या कार्डावर २,१०,००० होते. महिना ३.६ टक्क्यांनी व्याज झालं ७,५६०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,३६१. मी दर महिन्याला पाच टक्के, म्हणजे साडेदहा हजार भरायचो आणि वाटायचं की फिटतंय. त्यातले मुद्दलात जायचे जेमतेम दीड हजार. मळ्याचं पाणी पाटातच जिरत होतं.

पैशांपेक्षा वाईट होतं ते बाकीचं. अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा यायचा. शिफ्टला असताना फोन सायलेंट करून डब्याच्या पिशवीत ठेवायचो, आणि तरी दर दहा मिनिटांनी पिशवीकडे बघायचो. पोस्टमनने दिलेली पाकिटं न फोडता शू-रॅकमध्ये चपलांच्या खाली. एकदा मशीनवर उभा असताना छातीत धडधडायला लागलं, घाम फुटला. सुपरवायझरने बळेच दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही टेन्शन?" मी म्हटलं, नाही. ईसीजीचे तीनशे रुपये देतानाही मनात आलं, हे एका मिनिममच्या उशिराच्या दंडापेक्षा स्वस्त आहे.

कडेलोट झाला तो वसुलीवाल्याने सिन्नरला माझ्या आईला फोन केला तेव्हा. आईने मला विचारलं, "तू कुणाला मारलं-बिरलंस का रे? तो माणूस तुझं नाव घेऊन ओरडत होता." त्या रात्री पावणेएकला गॅलरीत जाऊन १४४१६ लावला. सरकारची टेलिमानस सेवा, फोन फुकट, मराठीत बोलतात. पलीकडच्या मुलीने कर्जाबद्दल एक अक्षर सल्ला दिला नाही, तरी मला बरं वाटलं. तिने एक गोष्ट सांगितली. काळजी करायला दिवसातली वीस मिनिटं ठरवा, वही घेऊन बसा, बाकी वेळी मनात आलं की 'साडेआठला बघू' म्हणा. वेडगळ वाटलं. पण मी आजही साडेआठला वही घेऊन बसतो. हल्ली वीस मिनिटं पुरवायला विषय शोधावा लागतो, मग मी पाच तारखेबद्दल लिहितो.

आता योजनेबद्दल. नाव देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत. पहिला व्हिडिओ कॉल पंचावन्न मिनिटांचा. बँकेतून निवृत्त झालेल्या एक मॅडम होत्या. मला वाटलं होतं, उपदेश करतील. त्यांनी विचारलं, "पेपरवाल्याचे किती?" मग दूध, गॅस, शाळेची व्हॅन. मी एका ओळीत 'किरकोळ ६,०००' लिहिलं होतं. "किरकोळ असा खर्च नसतो," म्हणाल्या, आणि ती ओळ फोडायला लावली. त्यातून एमआयडीसीच्या गेटवरचा चहा-वडापाव महिना १,९०० रुपये निघाला. हा एक ए-फोर कागद या योजनेतली सगळ्यात भारी गोष्ट आहे. यासाठी मी यांची ५९० रुपयांची फी आनंदाने दिली असती. एकदा. दर महिन्याला नव्हे.

दुसरी अट त्यांनी अशी घातली की बायकोला कॉलवर बसवल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही. मी घरी काहीच सांगितलं नव्हतं. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापत असताना बोलून टाकलं. तिने विचारलं, "एकूण किती?" म्हटलं, पाच लाख त्र्याऐंशी हजार. तिने गॅस बंद केला. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं होतं दुसरंच काहीतरी आहे." एवढंच. दुसरं काय वाटलं होतं हे विचारायची अजून हिंमत झाली नाही. त्याच महिन्यात तिची भिशी लागली, पन्नास हजार. त्यात ॲपवालं कर्ज एकरकमी बंद केलं आणि ते ॲप तिनेच माझ्या फोनमधून काढून टाकलं. हे पन्नास हजार कुठल्या सिबिलमध्ये दिसत नाहीत, पण माझ्या वहीत पहिल्या पानावर आहेत.

बँकांची मंजुरी यायला सात आठवडे गेले आणि त्या काळात फोन अजिबात थांबले नाहीत. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. दोन्ही कार्डं ब्लॉक झाली, त्यांची बाकी ४८ महिन्यांच्या टर्म लोनमध्ये बदलली, वर्षाला १८ टक्क्यांनी. १८ टक्के काही कमी नाहीत, पण आधीच्या ४३ पुढे देवदयाच. शिवाय कार्डाच्या व्याजावर लागणारा जीएसटी साध्या कर्जाच्या व्याजावर लागत नाही, तोही सुटला. कार्डांचा हप्ता १०,१३४, मुदत वाढवून पर्सनल लोनचा ५,२८८, वर यांची फी ५९०. एकूण १६,०१२. हा आकडा मी झोपेतही सांगतो.

आणि आता पाच तारीख.

आमचा पगार सातला होतो. सातच्या आत पगार द्यावा हे वेतनाचा कायदाच म्हणतो, म्हणून आमच्या लाइनीतल्या निम्म्या कंपन्या बरोबर सातलाच देतात. मग हप्ता पाचला कापायचा हे कुणाच्या डोक्यातून आलं? बँकांना पैसे दहापर्यंत पोचवायचे असतात, मान्य. आठला कापा, नऊला पाठवा! फॉर्म भरतानाच मी हे सांगितलं. उत्तर आलं, "सर, सिस्टममध्ये पाचच आहे." मी सुट्टीवर भिस्त ठेवली, म्हटलं पाचला रविवार आला तर एक दिवस तरी पुढे जाईल. तेही नाही. हे ऑटो-डेबिट चालतं त्या यंत्रणेचं नाव नाच, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून ती रविवारी आणि सणालाही चालते. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.

मे, जून, जुलै कसेबसे पुरवले. ऑगस्टमध्ये व्हॅनवाल्याने तीन महिन्यांचे एकदम मागितले आणि पाच तारखेला खात्यात १५,४०० होते. सहाशे बारा रुपये कमी. बाउन्स. बँकेचा दंड ५०० अधिक जीएसटी, म्हणजे पुन्हा ५९०! आणि यांचा मेसेज: 'दुसऱ्यांदा असे झाल्यास सवलत रद्द होऊ शकते.' तो वाचून पुन्हा तीच धडधड, तोच घाम. आठला मी स्वतः सगळे पैसे भरले, दहाला बँकांना पोचले, कुणाचं काही बिघडलं नाही. पण चार महिन्यांत जी झोप कमावली होती ती एका मेसेजमध्ये गेली. एक स्टार तेव्हाचा.

त्यानंतर मॅडमनी एक सुचवलं, जे सिस्टमने पहिल्या दिवशी सुचवायला हवं होतं. वेगळं बचत खातं उघडा, मँडेट (हप्ता कापायची परवानगी) तिकडे वळवा, आणि एक हप्ता कायम पुढे राहा. त्यासाठी एकदा १६,०१२ जास्तीचे लागणार होते. ते दिवाळीच्या बोनसमधून टाकले. पोरांना कपडे घेतले, आम्ही दोघांनी नाही घेतले, फराळ घरीच. तेव्हापासून सातच्या पगारातून पैसे त्या खात्यात जातात आणि पुढच्या पाचपर्यंत पडून राहतात. अठ्ठावीस दिवस, अडीच टक्के, म्हणजे महिन्याला एकतीस रुपये व्याज. ५९० जातात, ३१ येतात.

इथे मला मत बदलावं लागतंय. नोव्हेंबरपासून चार तारखेला मी जेवतो. आधी जेवत नव्हतो, हे हिने लक्षात आणून दिलं. पैसे महिनाभर आधीच पडलेले असल्यावर पाच तारीख नुसतीच एक तारीख उरते. तरी हे मी माझ्या बोनसने केलं, त्यांनी नाही, त्यामुळे स्टार परत देणार नाही.

वसुलीवाल्यांचं एक सांगतो, कामाला येईल. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, घरच्यांना आणि ओळखीच्यांना छळता येत नाही. मी हे कागदावर लिहून फ्रीजला लावलं. एकदा ७:४० ला फोन आला. मी म्हटलं, "साहेब, सात चाळीस झालेत, उद्या आठनंतर करा." तो गप्पच झाला, बहुतेक घड्याळ बघत असावा. आईला फोन केल्याची तक्रार तारीख-वेळेसकट आधी बँकेकडे लेखी केली आणि खाली लिहिलं की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत, म्हणून मी गेलोच असतो. नवव्या दिवशी आईला येणारे फोन बंद झाले.

सिबिल स्कोअर ५८९ होता, आता ६४१. रोज बघू नका, त्या नादात मी दोन महिने घालवले आणि एका ॲपला रिपोर्टचे पैसेही दिले. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. मी दर तीन महिन्यांनी एकाकडून मागवतो. वर्ष निघतं, खर्च शून्य.

बाकी आता ४,४२,००० च्या आसपास आहे. फी पूर्ण मुदतीची २८,३२० होते, हे कुठेही एकत्र लिहिलेलं नाही, मी गुणून काढलं. तीन स्टार. मॅडमना पाच, सिस्टमला एक, सरासरी तीन.

तारीख आठ करा अशी विनंती मी आजवर सात वेळा टाकली आहे. हे लिहिताना सातव्या तिकिटाचं उत्तर आलं. कारण काही दिलेलं नाही. माझ्या रिपोर्टमध्ये जो शब्द यायला अजून ३७ महिने आहेत, तो यांनी तिकिटावर टाकलाय: 'क्लोज्ड'. आठवं तिकीट आत्ताच टाकलं.