परळच्या झेरॉक्स दुकानातला एटकॉमचा संच: २२० रुपयांत काय मिळते?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीची पुस्तके कोणती घ्यावीत हे सांगणारे सीनियर पावलोपावली भेटतात. एटकॉमसाठी मात्र सगळे परळच्या एका झेरॉक्स दुकानाकडे बोट दाखवतात. तिथे मिळणारा स्पायरल बांधणीचा नोट्सचा संच मी वर्षाच्या आरंभी २२० रुपयांना घेतला आणि शेवटच्या परीक्षेपर्यंत वापरला.

एटकॉम म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद. मेडिकल कौन्सिलने त्याची पुस्तिका २०१८ मध्ये काढली आणि २०१९ च्या तुकडीपासून तो अभ्यासक्रमात आला. एकूण २७ मोड्यूलपैकी पाच पहिल्या वर्षाला येतात आणि ७५ टक्के हजेरी नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे विषय ‘हलका’ असला तरी तो टाळण्याची सोय नाही.

संचाचा पहिला भाग या पाच मोड्यूलचा सारांश आहे आणि तो बरा उतरला आहे. ‘मृतदेह हाच आपला पहिला शिक्षक’ या मोड्यूलवरची पाने तर मला वर्गातल्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडली, कारण बेवारस आणि दान केलेले देह वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्यान्वये कसे पोहोचतात हे तिथे सरळ भाषेत मांडले आहे. डिसेक्शन हॉलमध्ये ज्यांच्यासमोर आपण पहिल्या दिवशी शपथ घेतली, ते तिथवर कसे आले असतील याचा विचार मी हे वाचेपर्यंत केला नव्हता.

दुसऱ्या भागाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘रुग्ण असणे म्हणजे काय’ या मोड्यूलसाठी विद्यार्थ्याने वॉर्डात जाऊन रुग्णाशी बोलायचे आणि त्याला काय जाणवले ते लॉगबुकात लिहायचे असते. दुकानदाराने ते जाणवणेही टाइप करून ठेवले आहे. आमच्या बॅचमधल्या तिघांनी एकाच ‘शेतात काम करताना साप चावलेल्या आजोबां’ची मुलाखत सादर केली, आणि हे आजोबा मुंबईच्या वॉर्डात नेमके कोणत्या खाटेवर होते असे मॅडमनी विचारल्यावर तिघेही गप्प झाले. सारांश आयता चालतो, अनुभव आयता चालत नाही, एवढे भान संच करणाऱ्याने ठेवायला हवे होते.

तिसरा भाग अमराठी विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दसूचीचा आहे. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास असतात, पण ते इतके थोडे की ऑल इंडिया कोट्यातून आलेला माझा केरळचा रूममेट सर्वस्वी या सूचीवरच विसंबला. तिच्यात ‘मूत्रविसर्जन’, ‘दाह’, ‘उदरशूल’, ‘श्वसनास त्रास’ असे शब्द आहेत. त्याने वॉर्डातल्या एका मावशींना अदबीने विचारले, “आपणास मूत्रविसर्जनाच्या वेळी दाह होतो का?” मावशींनी शेजारच्या खाटेकडे पाहून विचारले, “काय म्हणतोय गं हा?” शेवटी सिस्टर म्हणाल्या, “लघवीला जळजळतं का, विचारतोय.” त्यावर मावशी पाच मिनिटे बोलायच्या थांबल्याच नाहीत. पोटात मुरडा येणे, धाप लागणे, घेरी येणे, अंगावरून जाणे, हातापायाला मुंग्या येणे, ठणका लागणे हे शब्द ज्या सूचीत नाहीत, ती वॉर्डात कवडीच्या कामाची नाही. शिवाय मुंबईच्या वॉर्डात निम्मे संभाषण हिंदीत चालते, त्याचाही या सूचीला पत्ता नाही.

छपाई फिकट आहे, ४१ ते ४४ ही पाने माझ्या प्रतीत दोनदा आली होती आणि स्पायरल दिवाळीपूर्वीच उसवली. दुकानदाराने ती विनातक्रार बदलून दिली, हे नमूद करायला हवे.

कौन्सिलची मूळ पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. ती इंग्रजीत असली आणि वाचायला रुक्ष असली, तरी प्रत्येक मोड्यूलमध्ये विद्यार्थ्याकडून नेमके काय अपेक्षित आहे ते तिच्यातच कळते. परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी संचाचा पहिला भाग हवा असेल तर तेवढ्याच पानांची झेरॉक्स मागावी. दुकानदार थोडी कुरकुर करतो, पण देतो. उरलेल्या दोन भागांसाठी पैसे मोजू नयेत. माझ्या रूममेटने मावशींच्या प्रसंगानंतर फिजिओलॉजीच्या जर्नलच्या मागच्या पानांवर रुग्णांच्या तोंडचे शब्द लिहायला सुरुवात केली आणि ते आता दीडशेच्या वर गेले आहेत. दुकानदाराने पुढच्या आवृत्तीसाठी ती पाने मागितली आहेत; त्याने अजून दिलेली नाहीत.