सूर्यनमस्कार की साधं स्ट्रेचिंग? आखडलेल्या अंगाने आधी काय निवडावं

रोजची पंधरा मिनिटं काढायची तयारी आहे, मोठं दुखणं काही नाही, पण खाली वाकलं की हात नडगीच्या पुढे सरकत नाहीत. अशा माणसाने नमस्कार घालायला लागावं, की स्नायू ताणायचे साधे चार व्यायाम करावेत? मी दोन्ही केले आहेत, आणि सुरुवातीला क्रम चुकवल्यामुळे त्रासही काढलाय. म्हणून माझं मत आधीच सांगते. चाळिशी ओलांडलेली असेल आणि अंग आखडलेलं असेल, तर पहिले सहा आठवडे स्ट्रेचिंग करा. नमस्कार त्यानंतर.

नमस्कारांची बाजू भक्कम आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले होते. आजही रथसप्तमीला कितीतरी शाळांच्या मैदानांवर मुलं रांगेने नमस्कार घालतात. क्रम बहुतेकांना लहानपणापासून येतो, क्लास लावावा लागत नाही, एक चटई पुरते. शिवाय यात नुसता ताण नाही. साष्टांगात खाली जाताना आणि वर उठताना दंड, खांदे, पोट सगळं कामाला लागतं. जरा वेग वाढवला की दम लागतो, घाम येतो. ताकद आणि दमसास या दोन गोष्टी भिंतीला टेकून पोटरी ताणण्यातून मिळत नाहीत.

अडचण आहे ती वेळेच्या हिशेबात. एका नमस्काराला अर्धं मिनिट धरलं तर बारा स्थितींपैकी प्रत्येकीला जेमतेम अडीच सेकंद मिळतात. आणि आखडलेला स्नायू एवढ्यात सुटत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०११ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ताण १० ते ३० सेकंद स्थिर धरावा, वय जास्त असेल तर ३० ते ६०. एकेका स्नायूला सगळे मिळून मिनिटभर मिळावं, आणि हे आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस व्हावं. रोज केलं तर आणखी चांगलं.

मांडीमागचे स्नायू सुटलेले नसताना घाईने वाकलं की त्यांचा वाटा कंबर उचलते. माझं तेच झालं. शाळेत असताना तळहात जमिनीला टेकायचे, म्हणून वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीही हिसके देत टेकवायला गेले. चौथ्या दिवशी कमरेत उसण भरली. आठ दिवस मोरीतली बादली उचलता येत नव्हती.

त्यानंतर मी धरलं ते अगदी साधं. जमिनीवर उताणं झोपायचं, जुनी सुती ओढणी एका तळपायाला अडकवायची आणि पाय हळूहळू वर घ्यायचा. गुडघा किंचित वाकला तरी चालतो. मांडीमागे ओढ जाणवली की तिथेच थांबायचं, श्वास चालू ठेवायचा आणि मनात तीस मोजायचे. साधारण वीसच्या पुढे ती ओढ थोडी निवते, हे स्वतःला कळतं. यात कंबर जमिनीला टेकलेली राहते, म्हणून तिच्यावर भार येत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायूची लांबी फारशी बदलत नाही, मेंदू आणि नसा तो ताण सोसायला सरावतात. त्यामुळे जोर लावून काही साधत नाही. नेम मात्र लागतो.

स्ट्रेचिंगचा दुसरा मोठा फायदा म्हणजे जिथे अडलंय तिथेच काम करता येतं. मी शिक्षिका आहे, दिवसाचे पाच-सहा तास उभी असते. माझ्या पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, आणि सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेतून कळ जायची. त्यावर फिजिओथेरपिस्ट शिकवतात तो ताण असा: अंथरुणातून उतरण्याआधीच पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायचं, असं दहा वेळा. माझे मिस्टर दिवसभर संगणकासमोर असतात. त्यांचं आखडतं ते जांघेत आणि छातीत, खांदे पुढे येतात. ते दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून एक पाऊल पुढे टाकतात, तीस सेकंद. आम्ही दोघांनी सारखेच बारा नमस्कार घातले असते तर माझी टाच तशीच राहिली असती.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. नमस्कारात शरीर पुढे-मागेच हलतं. कमरेतून पीळ देणं, बाजूला झुकणं, मान वळवणं त्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे नमस्कार नियमित घालणाऱ्यांनीही खुर्चीत बसून दोन्ही बाजूंना पीळ द्यावा, मान दोन्ही खांद्यांकडे कलवावी. दोन मिनिटांचं काम आहे.

स्ट्रेचिंगकडून भलत्या अपेक्षाही नकोत. त्याने वजन उतरत नाही. ट्रेकनंतर दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते दुखणंही आधी-नंतर ताण देऊन फारसं कमी होत नाही, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दिसलंय. धावण्याच्या किंवा कबड्डीच्या अगदी आधी एकेक ताण मिनिटापेक्षा जास्त धरला तर ताकद तात्पुरती थोडी घटते. तिथे चार-पाच संथ नमस्कार कितीतरी चांगले, अंग तापतं आणि सांधे मोकळे होतात. स्थिर ताण खेळ संपल्यावर. आणि यांपैकी काहीही करा, चालणं सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. साध्या स्ट्रेचिंगने तो भरत नाही.

काही जणांनी नमस्कार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. काचबिंदू असेल तर डोकं खाली गेल्याने डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून वाकणं धोक्याचं. रक्तदाब आटोक्यात नसेल, मनगट दुखत असेल, खांदा धरला असेल, तरीही थांबा. गरोदर बायकांनीही आधी विचारावं. आणि कमरेतून पायात कळ, मुंग्या, बधिरपणा येत असेल तर स्ट्रेचिंगसुद्धा स्वतःच्या मनाने करू नका. ओढलेल्या नसेला आणखी ओढल्याने दुखणं वाढू शकतं.

वय पंचविशीचं असेल, वाकून बोटं सहज टेकत असतील, तर सरळ नमस्कारच घ्या, सहापासून सुरुवात करून बारापर्यंत जा. आखडलेल्यांनी सहा आठवडे ओढणी, भिंत आणि चौकट. मग रोज दोन नमस्कार, तेही गुडघे वाकवून, आणि दर आठवड्याला एक वाढवायचा. मी आता सकाळी बारा घालते. टाचेचा ताण मात्र अजून रोज पहाटे, अंथरुणातच.